शाळेचे संगीत नाटक बसवताना: कामांची वाटणी आणि आभारांची वही

स्नेहसंमेलनात आभारप्रदर्शन सुरू झाले की प्रेक्षकांत पहिली हालचाल होते ती चपला शोधण्याची. निवेदन करणारी मुलगी हातातल्या कागदावरून भराभर नावे वाचत असते, पालक आपापल्या मुलांना ताब्यात घेण्यासाठी रंगपटाकडे निघालेले असतात आणि ज्यांची नावे वाचली जात आहेत ती माणसे बहुधा त्याच वेळी मागे पडदे गुंडाळत असतात. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत दोन महिने तालमीला येऊन पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांचे नावच त्या कागदावर नव्हते. कोणी ते मुद्दाम वगळले नव्हते. कागद लिहिणाऱ्याने एकही तालीम पाहिली नव्हती, एवढेच. संगीत नाटक कसे बसवावे हे सांगताना मी या कागदापासून सुरुवात करतो आहे, कारण कोणी काय केले हे ज्याला ठाऊक नाही तो नावे वाचू शकतो, आभार मानू शकत नाही; आणि कोणी काय केले हे सर्वांना कळत राहील अशी सोय तालमीच्या पहिल्या दिवसापासून करावी लागते. पुढील सूचना आठवी-नववीच्या चाळीस-पंचेचाळीस मुलांना घेऊन तासाभराचा प्रयोग उभा करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत.

नाटकाची निवड

संपूर्ण संगीत नाटक शाळेत करण्याचा हट्ट धरू नये. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांसाठी लिहिलेल्या त्या संहिता आहेत, आणि त्यांतील पदांची संख्या आजच्या मुलांच्या गळ्याला आणि वेळापत्रकाला झेपणारी नाही. निवडक प्रवेश केले तर नाटकाचा अपमान होतो असे ज्येष्ठ शिक्षकांना वाटत असेल, तर त्यांना आठवण करून द्यावी की ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा सात अंकांपैकी पहिले चारच अंक केले होते. ज्या प्रयोगाने मराठी संगीत नाटकाचा पाया घातला तोच अपुरा होता. मग आपण तीन प्रवेश आणि सहा-सात पदे घेतली तर काही बिघडत नाही. मात्र निवडलेले प्रवेश सूत्रधाराच्या निवेदनाने नीट जोडावेत, म्हणजे कथा न वाचलेल्या प्रेक्षकालाही धागा सापडतो.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संहिता सर्वांसाठी खुली होते, त्यामुळे १८८५ साली निवर्तलेले किर्लोस्कर किंवा १९१६ साली निवर्तलेले गोविंद बल्लाळ देवल यांच्या नाटकांसाठी परवानगीचा प्रश्न येत नाही. अलीकडच्या लेखकाचे नाटक घ्यायचे असेल, तर प्रयोग शाळेतल्या शाळेत आणि पालकांपुरताच असला तरी लेखकाला किंवा त्याच्या वारसांना पत्र लिहावे, आणि चाल दुसऱ्याची असेल तर संगीतकाराकडेही विचारणा करावी. हे पत्र मुलांकडून लिहून घ्यावे. आपण जे गाणार आहोत ते कोणीतरी घडवले आहे, ही जाणीव तिथे सुरू होते. तिकीट लावून बाहेरच्या प्रेक्षकांसाठी प्रयोग करायचा झाल्यास मात्र संहितेला महाराष्ट्र शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालवता येत नाही. हे दोन मुद्दे मुख्याध्यापकांच्या कानावर आधीच घालून ठेवावेत.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात: दहावीची मुले पूर्वपरीक्षेच्या तोंडावर असल्याने त्यांच्यावर मोठ्या भूमिका टाकू नयेत. गणपतीच्या सुमारास निवड, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत फक्त वाचन आणि पदे, सुट्टीनंतर सहा आठवडे उभी तालीम (हालचालींसह), असा हिशेब डिसेंबरच्या अखेरीस होणाऱ्या संमेलनासाठी पुरतो.

गळा, पट्टी आणि आवाज फुटलेली मुले

शाळेतल्या संगीत नाटकाची खरी अडचण अभिनयाची नसते, पट्टीची, म्हणजे गाताना धरलेल्या ‘सा’च्या उंचीची, असते. बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो. ऑगस्टमध्ये काळी चारमध्ये (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) खुलून गाणारा मुलगा डिसेंबरमध्ये तारसप्तकाकडे जाताना चिरकू लागतो, आणि वर्गातली मुले हसतात. अशा मुलाची भूमिका काढून घेणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. पद खालच्या पट्टीत आणावे, ताना काढून टाकाव्यात, दोन कडव्यांऐवजी एकच ठेवावे, किंवा चक्क त्या पदाचे गद्य करून घ्यावे. यासाठी प्रत्येक मुख्य गायक भूमिकेला एक जोडीदार पहिल्याच दिवशी नेमावा. हा जोडीदार तालमीत दर आठवड्याला एकदा ती भूमिका पूर्ण करील, आणि मूळ गायकाने त्या दिवशी समोर बसून ऐकावे. वेळ आलीच तर एक जण विंगेतून गातो आणि दुसरा रंगमंचावर अभिनय करतो, अशी सोयही होऊ शकते. पण ती आयत्या वेळची नामुष्की वाटू नये म्हणून दोघांनीही ती आधी मनापासून करून पाहिलेली असावी.

मुलगा आणि मुलगी यांच्या संवादरूप पदात दोघांच्या पट्ट्या जुळत नाहीत, ही नेहमीची तक्रार. मुलीची पट्टी काळी चार आणि आवाज फुटलेल्या मुलाची काळी एक असेल, तर मार्ग हाताशीच असतो: तिचा मध्यम (म) हाच त्याचा षड्ज (सा) होतो. तिच्या षड्जात लावलेला तबला त्याच्या दृष्टीने पंचमात (प) लागलेला असतो, त्यामुळे तबलजीला तबला पुन्हा लावावा लागत नाही. पेटीवाल्याने मात्र प्रत्येक ओळीला स्थान बदलायचे असते, आणि ते काम दिसायला सोपे, करायला कठीण असते. हे तंत्र मुलांना समजावून सांगावे, कारण दोघांचा आवाज सुखाने लागावा यासाठी तिसरा माणूस किती बोटे हलवतो आहे हे एकदा कळले की पेटीवाल्या काकांकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते. शक्यतो साथ प्रत्यक्षच असावी. मोबाइलवर वाजवलेला तयार ट्रॅक चुकलेल्या मुलासाठी थांबत नाही. पेटी आणि तबला थांबतात, एक आवर्तन जास्त वाजवतात, मुलाला शब्द आठवेपर्यंत सांभाळून घेतात.

वाटणी

पंचेचाळीस मुले असतील तर बारा पात्रे, आठ-दहा जणांचा गायकवृंद, चार-पाच वादक आणि उरलेली अठरा-वीस मुले पडद्यामागे, असे साधारण गणित बसते. पडद्यामागच्या मुलांना बहुतेक शाळांत ‘निवड न झालेली मुले’ समजले जाते, आणि सगळी नासाडी तिथून सुरू होते. म्हणून मी भूमिकांची निवड जाहीर करण्याच्या आधी नेपथ्य, कपडेपट, रंगभूषा, प्रकाश, ध्वनी, सामान, पडदा आणि प्रॉम्प्टिंग (विसरलेले शब्द विंगेतून सुचवणे) या विभागांचे प्रमुख जाहीर करतो. प्रमुख विद्यार्थीच असावा. शिक्षकाने सल्ला द्यावा, किल्ली मात्र मुलाच्या हातात असावी. सामानाच्या कपाटाची किल्ली मिळालेला नववीतला मुलगा ज्या जबाबदारीने वागतो, ती त्याच्या प्रगतिपुस्तकात कधी दिसलेली नसते.

प्रॉम्प्टर निवडताना घाई करू नये. ज्याला सगळे नाटक पाठ आहे तो चांगला प्रॉम्प्टर होतोच असे नाही, कारण तो वहीत पाहतच नाही. नट थबकला आहे की विसरला आहे हा फरक ओळखणारे, संथ आवाजाचे आणि न घाबरणारे मूल हवे. त्याच्या वहीत प्रत्येक विराम, प्रत्येक हालचाल, दिव्याचा आणि पडद्याचा प्रत्येक इशारा पेन्सिलीने लिहिलेला असावा, म्हणजे तालीम बदलली की खोडता येते.

एक नियम मी कधी मोडत नाही. प्रत्येक नटाने किमान दोन तालमी पूर्णपणे पडद्यामागे काम करावे. नायिकेने एक दिवस सामान लावावे, विनोदी पात्राने एक दिवस पडदा ओढावा. पडद्याची दोरी ओढून ओढून तळहात लाल झाला की आपण वाट्टेल तितका लांबवत असलेला शेवटचा संवाद दुसऱ्याला किती जड जातो ते कळते. पालकांकडून क्वचित नापसंती येते. गेल्या काही वर्षांत एका आईने ‘आमची मुलगी झाडू मारायला येत नाही’ असे कळवले होते. त्यांना तालमीला बोलावले, बसवून घेतले, आणि मुलगी काय शिकते आहे ते त्यांनीच पाहिले. वाद तिथेच मिटला असे म्हणणार नाही, पण मुलगी झाडू घेऊन उभी राहिली.

आता आभारांच्या वहीकडे येतो. प्रत्येक विभागात एक शंभर पानी वही ठेवावी आणि रोज तीनच गोष्टी लिहाव्यात: तारीख, कोणी, काय केले. ‘मदत केली’ असे लिहिलेले चालणार नाही. ‘मुकुटाचा तुटलेला मणी घरून सुईदोरा आणून शिवला’, ‘वीज गेल्यावर अर्धा तास टॉर्च धरला’, ‘शिपाई काकांनी सहानंतर सभागृह उघडे ठेवले’ असे लिहावे. शाळेबाहेरची माणसे, म्हणजे शालू देणारी आजी किंवा टेम्पो पाठवणारे मंडपवाले, हीही याच वहीत येतात.

तालमीच्या शेवटी पाच मिनिटे सर्वांनी गोल बसावे आणि तीन-चार जणांनी, रोज निराळ्या, त्या दिवशी पाहिलेले दुसऱ्याचे एक काम सांगावे. ‘छान’, ‘मस्त’, ‘बेस्ट’ या शब्दांना बंदी असावी. पहिले चार-पाच दिवस मुले लाजतात, एकमेकांना कोपरखळ्या मारतात, आणि याला एक खास मराठी कारण आहे. आपल्या घरांत आईने पोळी वाढली म्हणून कोणी ‘मी तुझा आभारी आहे’ म्हणत नाही. म्हटलेच तर तिला आपण परके झालो असे वाटेल. ‘आभारी आहे’ हे आपण सरकारी पत्रात लिहितो आणि ‘थँक्यू’ दुकानात म्हणतो. जवळच्या माणसाला सांगायचे असते तेव्हा मराठीत निराळी वाक्ये येतात: ‘बरं झालं तू होतास’, ‘तुझ्यामुळे निभावलं’, ‘केवढे कष्ट घेतलेस’. मुलांना ही वाक्ये वापरू द्यावीत. एका मुलाने तबलजीला उद्देशून ‘मी सम चुकलो तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही, म्हणून मला पुढचं गाता आलं’ असे सांगितले होते. कोणत्याही आभारपत्रात इतका नेमका मजकूर मी वाचलेला नाही.

पंधरवड्यातून एकदा शिक्षकाने सर्व वह्या एकत्र वाचाव्यात आणि कोणाचे नाव एकदाही आलेले नाही ते पाहावे. ते मूल आळशी आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. बहुधा त्याचे काम न दिसणारे असते. रंगभूषेची डबी रोज मोजून ठेवणारी मुलगी कोणाच्या नजरेत येत नाही, कारण डबी कधी हरवतच नाही. अशा मुलाजवळ दुसऱ्या दिवशी एखाद्या नटाला मदतीला बसवावे. नाव आपोआप वहीत येते.

रुसवेफुगवे

ते होणारच. मुख्य भूमिका न मिळालेली मुलगी, ‘माझे पद का कापले’ म्हणणारा मुलगा आणि दोन मित्रांमधले भांडण यांतून कोणतेही नाटक सुटलेले नाही. अशा वेळी मी मुलांना ८ जुलै १९२१ चा प्रसंग सांगतो. टिळक स्वराज्य फंडासाठी त्या दिवशी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व नायिका भामिनी झाले होते आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले नायक धैर्यधर. दोघे दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे मालक, दोघेही लोकप्रियतेच्या शिखरावर, आणि त्यांच्या चाहत्यांत चुरस. तरी दोघे एका रंगमंचावर उभे राहिले आणि मिळालेले उत्पन्न फंडाला गेले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव वारले. ही गोष्ट सांगितल्यावर मी उपदेश करीत नाही. मुले थोडा वेळ गप्प बसतात आणि तालीम पुढे सुरू होते. अर्थात सगळी भांडणे गोष्टीने मिटत नाहीत. सतत उशिरा येणाऱ्या गायकाला एकदा समज द्यावी, आणि दुसऱ्यांदा त्याच्या जोडीदाराला उभे करून तालीम वेळेवर सुरू करावी. वाट पाहत बसलेल्या चव्वेचाळीस जणांच्या वेळेची किंमत शिक्षकानेच ठेवली नाही, तर मुले ठेवणार नाहीत.

मागून आणलेल्या वस्तू

शाळेचे नाटक मागून आणलेल्या वस्तूंवर उभे असते: कोणाची नऊवारी, कोणाचा शेला, कोणाच्या आजोळचा तांब्याचे घंगाळ, कोणाच्या घरची समई. कपडेपट आणि सामान या दोन विभागांनी यासाठी निराळी वही ठेवावी, तीत वस्तू, देणाऱ्याचे नाव, आणताना असलेली अवस्था आणि परत करण्याची तारीख लिहावी, आणि प्रत्येक वस्तूचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. खरे दागिने, कोणी कितीही आग्रह केला तरी, घेऊ नयेत. प्रयोगानंतर चार दिवसांत कापड धुऊन, इस्त्री करून, भांडे घासून, ज्याने आणले त्या मुलाने नव्हे तर ज्याने वापरले त्या मुलाने नेऊन द्यावे, आणि सोबत प्रयोगाच्या नारळाचा प्रसाद असावा. डाग पडला असेल तर तो आपणच आधी सांगावा. पुढच्या वर्षी ती आजी कपाट उघडेल की नाही, हे या एका फेरीवर ठरते.

प्रयोगाचा दिवस

रंगीत तालीम दोन दिवस आधी, पूर्ण वेशात, आणि त्यातला एक प्रवेश तरी माइक बंद ठेवून करावा. संमेलनाच्या दिवशी वीज जाण्याचा अनुभव आपल्याकडे दुर्मीळ नाही. जमिनीवर ठेवायचे दोन-तीन माइक पुरतात. गळ्याजवळचे माइक दागिन्यांवर घासून खरखरतात. गाणाऱ्या मुलांना दुपारी वरणभात द्यावा, बटाटेवडे प्रयोगानंतर.

नटराजाच्या पूजेला नारळ प्रमुख पाहुण्यांच्या हातून न वाढवता पडदा ओढणाऱ्या मुलाच्या हातून वाढवावा. पाहुण्यांना याचे वाईट वाटत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि नांदीला, म्हणजे सुरुवातीच्या स्तवनाला, सर्वांना रंगमंचावर आणावे. संगीत नाटकात पडदा उघडताच सारी मंडळी एकत्र उभी राहून नांदी म्हणतात, हा प्रघात शाळेसाठी जणू घडवलेला आहे: पात्रे आपापल्या वेशात, त्यांच्यामागे आणि मधे काळ्या कपड्यांतली पडद्यामागची मुले, एका बाजूला पेटी-तबल्यावरचे काका, आणि ज्यांनी सभागृह उघडे ठेवले ते शिपाई काका व मावशी. नाटक सुरू होण्याआधीच प्रेक्षकांना साऱ्या मंडळींचे दर्शन झालेले असते. नांदी संपताच काळे कपडे विंगेत जातात आणि कामाला लागतात.

आभारप्रदर्शन शेवटी ठेवू नये. शेवटच्या प्रवेशानंतर, पण भरतवाक्याच्या, म्हणजे नाटक संपवणाऱ्या प्रार्थनेच्या, आधी सूत्रधाराने पुढे यावे. भरतवाक्य अजून व्हायचे आहे हे माहीत असल्याने कोणी उठत नाही. भाषण तीन मिनिटांचे, वहीतून काढलेले, आणि प्रत्येक नावापुढे एक काम असलेले असावे. सर्वांचीच कामे त्यात मावणार नाहीत. म्हणून एक पानी पत्रक छापून खुर्च्यांवर ठेवावे, त्यात नावे हुद्द्यानुसार न लावता विभागानुसार लावावीत, आणि छापण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून आपापल्या नावापुढे सही घ्यावी. आडनाव चुकीचे छापलेले पत्रक घरी जपून ठेवले जात नाही. सत्कार असेल तर शाल-श्रीफळ पाहुण्यांना आणि गुलाबाचे फूल मावशींना, असा भेद करू नये. सर्वांना फूल द्यावे, खर्चही वाचतो.

दुसऱ्या दिवशी

सभागृह झाडून, बांबू मोजून, मंडपवाल्यांचा हिशेब पूर्ण करून दिल्यावर प्रत्येक मुलाने एक पोस्टकार्ड लिहावे. कोणाला लिहायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे सगळी कार्डे मुख्याध्यापकांकडे जात नाहीत. मजकुरात त्या व्यक्तीने केलेली, स्वतः पाहिलेली किंवा वहीत सापडलेली एक गोष्ट असावी, एवढीच अट. पेटीवाल्या काकांना एका वर्षी मिळालेल्या कार्डावर दोनच ओळी होत्या, आणि ते कार्ड त्यांनी पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवले आहे.

वह्या रद्दीत घालू नयेत. शेवटच्या पानावर प्रत्येक विभागप्रमुखाने पुढच्या वर्षीच्या प्रमुखासाठी चार ओळी लिहाव्यात आणि किल्लीसह वही आठवीच्या मुलाच्या हाती द्यावी. आमच्या कपाटातल्या पडदा विभागाच्या वहीत शेवटची नोंद अशी आहे: ‘दोरीला डावीकडे गाठ मारू नये, अडकते. मावशींना आदल्या दिवशी सांगावे, त्या स्टूल देतात. तिसऱ्या प्रवेशात नायिका हळू चालते, तिला वेळ द्यावा.’